हात झाकले नव्हते

डाव्या हाताचा अंगठा कानामागे टेकलेला होता. आधी तो कातडी ताणायचा, मगच कात्री फिरायची. टीव्हीवाल्यांनी व्हिडिओतल्या सगळ्या मुलांचे चेहरे धूसर केले होते. हात तसेच ठेवले होते.

सोलापुरातल्या एका हॉस्टेलात तिघा-चौघांनी एका मुलाला खाली दाबून त्याचं डोकं ठिकठिकाणी भादरलं होतं. सोमवारपासून बातमी चालू होती. तो अंगठा रुपालीनं सोमवारीच ओळखला होता. मेंढराची लोकर कातरताना कातडी अशी ताणून धरायची, म्हणजे जखम होत नाही. गावाकडं असताना वडिलांनी, आबांनी, हे तिला आणि धाकट्या शिवराजला, दोघांनाही शिकवलं होतं.

शिवराज सोमवारीच त्याच हॉस्टेलातून घरी आला होता. आता, बुधवारी रात्री, टीव्हीसमोर तो खाली मान घालून दुधात भाकरी कुस्करत होता.

"त्या पोरानं बी काय तरी केलं असंलच की," आई म्हणाली. "उगं कोण कुणाला धरतंय?"

"मस्ती व्हती नुसती," शिवराज पुटपुटला.

"केसच हायती, म्हैन्यात येत्यात," आबा म्हणाले. मग पडद्याकडं बघत हळूच, "आन् रगत कुटंच न्हाय निघालं, बघितलंस का?"

आबांनीही ओळखलं होतं तर. त्यांच्या आवाजातलं कौतुक रुपालीला सगळ्यात जास्त लागलं.

मंगळवारीच ती हे पोलिसांना सांगायचं म्हणत होती. "त्याचे बारावीचे पेपर होऊ दे, मग बघू," आई म्हणाली आणि रुपाली लॅबमधल्या कामाला निघून गेली. तिथं रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव ती दोनदा वाचायची, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून. घरी आली की मात्र तिला 'उद्या' सुचायचं.

तेवढ्यात टीव्हीवर नवी बातमी आली. डोकं भादरलेला मुलगा अजून तोंड उघडत नव्हता. कात्री मेसमधली निघाली, म्हणून तिथं भाकरी थापणाऱ्या रत्नम्माच्या मुलाला हॉस्टेलनं कामावरून काढलं होतं. पोलीस त्याला घेऊन गेले होते. "माझं पोर तवा घरी झोपलं व्हतं, सायेब," रत्नम्मा माईकसमोर हात जोडून सांगत होती. तिचा चेहरा कुणी धूसर केला नव्हता.

आबांनी मोठा श्वास सोडला. "मिटलं म्हणायचं."

"खा रं आता पोटभर," म्हणत आईनं शिवराजच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती मोडली, डाव्या अंगठ्यानं दाबून, नीट.

रुपालीनं टीव्ही बंद केला आणि चप्पल पायात सरकवली.

"कुटं निघालीस?"

"पोलीस ठाण्यात, आबा. कात्री धरलेला हात आपल्या शिवराजचा हाय, हे सांगायला."