चोराला दिलेलं उत्तर

विनिताचं फेसबुक खातं गेलं ते एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता.

हाटकेशजवळच्या एका शाळेत ती बालवर्गाला शिकवायची. तिच्याच शाळेतल्या सुचेताबाई त्या दिवशी रजेवर होत्या आणि त्यांच्या नावावरून मेसेज आला. मुलीने चित्रकलेच्या स्पर्धेत भाग घेतलाय, तिला मत दे, तुझ्या फोनवर एक कोड येईल तेवढा मला पाठव. सुचेताच्या मुलीची चित्रं विनिताने पाहिली होती. पोरगी खरंच छान काढायची. कोड आला, विनिताने पाठवला आणि डबा धुवायला उठली. परत येऊन बघते तर फोन तिलाच तिचा पासवर्ड विचारत होता, आणि ती टाकेल तो पासवर्ड चुकीचा ठरत होता.

संध्याकाळी फोन सुरू झाले. तुळिंजला राहणाऱ्या जुन्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं, तू शेअर बाजारात कधीपासून?" स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून काढलेला विनिताचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की आठवड्यात तिचे पैसे दुप्पट झाले. नवरा धर्मेश तो फोटो आपल्या फोनवर बघून म्हणाला, "तुझा फोटो आहे म्हणून लोकांना खरं वाटणार." विनिताला तेच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सुचेता शाळेत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिचं खातं रविवारीच गेलं होतं. "सगळ्यांना फोन करत होते गं," ती म्हणाली, "तुझ्यापर्यंत पोचलेच नाही." शाळा सुटल्यावर दोघी मिळून पोलिसांकडे गेल्या. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. खातं परत मागायला काय करायचं, कुठली ओळखपत्रं लावायची ते सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "आधी तुमच्या ओळखीच्यांना कळवा. तुमच्या नावाने कोणी काही मागितलं तर देऊ नका म्हणावं. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात ना, चोर त्याच्यावरच जगतो."

विनिताने घरी येऊन फोनमधल्या एकूण एक नंबरवर निरोप पाठवला. सोसायटीतले, शाळेतले, पालक, धर्मेशकडचे, झाडून सगळे. एकच माणूस राहिलं. राहिलं असंही नाही. त्या माणसाला कळवायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्या नंबरवर सहा वर्षांत तिने एकदाही बोट ठेवलं नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिची मोठी बहीण, द्वारकाताई.

द्वारकाताई काशीगावात राहायची, विनिताच्या घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. दोघींचं माहेर तेच. बापाची भातशेती आणि मिठागरातलं काम कधीच संपलं होतं, शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. द्वारकाताई लग्न होऊन गावातल्या गावातच गेली, आणि बाप गेल्यावर आई तिच्याकडेच राहायला आली. विनिता शिकली, नोकरीला लागली, तिची भाषासुद्धा बदलली. आठवड्यातून एकदा जाऊन आईला भेटून यायची.

सहा वर्षांपूर्वी आईला कावीळ झाली. विनिता तेव्हा मुलाच्या परीक्षेच्या गडबडीत दोन आठवडे गेलीच नव्हती. फोनवर द्वारकाताई म्हणायची, बरी हाय, जेवते हाय. आणि एका सकाळी कुलदीपचा, द्वारकाताईच्या मुलाचा, फोन आला की आजी गेली. आईला दवाखान्यात नेलंच नव्हतं. घरातच, पलंगावर गेली ती. दहाव्याला घाटावर सगळं गाव जमलेलं असताना विनिता द्वारकाताईकडे वळून म्हणाली, "तू मारलंस तिला. सेवा करायचा कंटाळा आला होता तुला." द्वारकाताईने मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. विनिताला तेव्हा ते कबुलीसारखं वाटलं.

पुढे राग ओसरला. त्या वाक्याची लाज वाटायला लागली. पण लाजेला वाट सापडली नाही. फेसबुकवर दोघी एकमेकींच्या यादीत तशाच राहिल्या. द्वारकाताई कधी देवाचे, कधी नातवाचे फोटो टाकायची. विनिता ते बघायची आणि अंगठा न दाबता पुढे जायची.

खातं गेल्याच्या पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मावशी, कुलदीप बोलतोय."

विनिता फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

"तू आईकडून कोड कशाला घेतलास?" त्याचा आवाज रागाने जड झाला होता. "तिच्या नावावर घाणेरडे व्हिडिओ चाललेत. भजनाच्या बायकांना गेले, माझ्या सासऱ्यांना गेले. दोन दिवस झाले, ती दारात येत नाही. काय वैर आहे तुझं अजून?"

विनिताने सगळं सांगितलं. सुचेताचा मेसेज, कोड, पोलीस.

"म्हणजे तू नव्हतीस," कुलदीप म्हणाला.

"मी नव्हते रे."

"मी तिला तेच म्हणत होतो, मावशी नसेल, फ्रॉड असेल. ती ऐकेचना, मग मलाही तेच खरं वाटलं. दोन दिवस एकच बोलत होती, विनीच हाय ती, मना तिचं बोलणं कळतं. आता सांगतो तिला." आणि त्याने फोन ठेवला.

खातं परत मिळायला बारा दिवस लागले. ओळखपत्र पाठव, कॅमेऱ्यासमोर मान इकडे कर, तिकडे कर, असं करत एका रविवारी सकाळी ते उघडलं. धर्मेशने पासवर्ड बदलून दिला, पैसे दुप्पट झाल्याची पोस्ट काढून टाकली आणि तो बाजारात गेला. विनिताने मेसेज उघडले. चोराने बासष्ट जणांना एकच ओळ पाठवली होती, 'नमस्कार, कशी आहेस?' पुरुषांनासुद्धा 'कशी आहेस'. बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं.

द्वारकाताईने चार मिनिटांत दिलं होतं.

'विनी?'

आणि लगेच खाली, 'तू हाय का खरंच'.

चोर इतरांच्या मागे असावा. त्याचं उत्तर तीन तासांनी आलं होतं, कुठल्या तरी भाषेतून मशीनने भाषांतर केलेलं. 'माफ कर, उशीर झाला.'

विनिता त्या ओळीकडे बघत राहिली. मेसेजला उत्तर द्यायला वेळ लागला म्हणून कुणीही लिहील अशी ओळ. पण काशीगावातल्या त्या घरात बसून ती वाचणाऱ्या बाईने तिचा काय अर्थ घेतला असेल, हे समजायला तिला खालच्या रांगेकडे बघणं पुरेसं होतं. द्वारकाताईला लिहायला जमत नसे. तिने बोलून पाठवलं होतं. आवाजाचे अकरा मेसेज होते.

विनिताने खोलीचं दार लावून घेतलं आणि पहिला लावला. बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज होता. मग द्वारकाताई बोलायला लागली, थांबत, नाक ओढत.

"माफी नको मागू गो बाय. उशीर कसला. तू लिवलंस, भरून पावली मी."

पुढच्या मेसेजांत आई होती. द्वारकाताईने आईला दोनदा दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आणली होती. दोन्ही वेळा आई पलंगाची दांडी धरून बसली. बाप दवाखान्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत गेला होता, ते तिने पाहिलं होतं. "मना घरान मरू दे, बोलली. आन विनीला सांगू नको. ती आयकायची न्हाय, उचलून नेईल. देवाची शपथ घातली मना. मी काय करू? तुना खोटा सांगत रायली, बरी हाय, जेवते हाय. पेज पन जात नव्हती तिला." घाटावर गप्प का राहिली तेही तिने सांगितलं. शपथ होती, आणि विनिता आईसाठी इतकी तुटलेली होती की खरं ऐकलं तर तिने स्वतःलाच खाल्लं असतं. "माझ्यावर काढ राग, बोलली मी मनात. मोठी हाय मी."

शेवटच्या मेसेजात शेजारच्या कुणाचा तरी मिक्सर ऐकू येत होता. "सहा वरसा झाली, कुनाला बोलली न्हाय. कुलदीपला पन न्हाय. आता मोकली झाली बघ."

प्रत्येक मेसेजखाली चोराने काहीतरी लिहिलं होतं. एकाखाली 'ठीक आहे'. एकाखाली नुसता अंगठा. आईच्या पेजेखाली, 'छान'. मग, 'तुझ्या फोनवर कोड आला आहे, तो पाठव.'

'कवा येशील घरी', द्वारकाताईने चुकतमाकत टाइप केलं होतं.

'लवकरच. कोड पाठव.'

त्याखाली सहा आकडे होते. मग काही नाही.

विनिता सोमवारी शाळा सुटल्यावर तशीच रिक्षात बसली. द्वारकाताईच्या घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ती आत जमिनीवर बसून सुपात जवळा निवडत होती. केस पांढरे झाले होते. विनिताला बघून तिने पाटाकडे बोट केलं. "ये. शाला सुटली?"

विनिता पाटावर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसली. "ताई, ते मेसेज मी..."

"ठाव हाय मना. कुलदीपनं सांगितला."

"मी ऐकलं सगळं. काल."

द्वारकाताईचा सुपातला हात थांबला. "सगला?"

"हो."

"मी तुना नव्हता सांगितला त्यो," द्वारकाताई म्हणाली. तिच्या बोलण्यात धार नव्हती. चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेल्या ताटाबद्दल बोलावं तसं बोलली ती.

विनिता रस्ताभर जुळवून आणलेलं सगळं विसरून गेली. "चुकले मी ताई. घाटावर बोलले ते... त्याच दिवशी मला यायला हवं होतं. मला माफ कर."

द्वारकाताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कुठेतरी काहीतरी हलेल याची वाट बघितल्यासारखी.

"त्यानं लिवला ना, माफ कर, तवा मी इतकी रडली, कुलदीप खालून धावत आला," ती म्हणाली. "वाटला, सुटली मी. दोन दिवस भाकर गोड लागली मना. मग कलला, कोन तो बसलाय, कुठला, माझी आय मेली ती ऐकतोय न छान लिवतोय." तिने सूप बाजूला ठेवलं. "आता तू खरी हाय. समोर बसलीस, तेच बोलतंस. आन मना कायच होत न्हाय विनी. राग पन न्हाय. आत कायच न्हाय."

"होईल हळूहळू," विनिता म्हणाली.

"होईल का न्हाय, मना काय ठाव."

बाहेरून दोन बायका बोलत गेल्या. त्यांचा आवाज लांब जाईपर्यंत द्वारकाताई दाराकडे बघत राहिली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "माझा बोलणा हाय तुझ्या फोनान अजून?"

"आहे."

"काढून टाक."

"ताई, त्यात आई आहे. तिचं शेवटचं सगळं आहे. मला दुसरीकडे कुठे मिळणार ते?"

"आयेनं सांगितला व्हता, बोलू नको. मी बोलली, आन बोलली कुनाला तर चोराला. जवर ते हाय तवर मना झोप न्हाय." तिने हात पुढे केला नाही, फोन मागितला नाही. "तूच काढ. माझ्यासमोर."

विनिताने फोन काढला. तिला वाटलं, शेवटचं एकदा ऐकून घ्यावं. पण ताईच्या चेहऱ्याकडे बघून ते विचारवलं नाही. एकेका मेसेजवर बोट दाबून धरायचं, 'काढून टाका' येतं, तिथे पुन्हा दाबायचं. असं अकरा वेळा. पेजेच्या मेसेजवर तिचं बोट थांबलं. द्वारकाताई नुसती बघत होती. विनिताने तोही काढला. मग अक्षरांतलं उरलेलं, 'विनी?' पासून सहा आकड्यांपर्यंत, तेही. रिकामा पडदा तिने ताईकडे फिरवून दाखवला.

द्वारकाताईने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

चोराचा पत्ता लागला नाही. द्वारकाताईचं खातं कुलदीपने तक्रार करून बंद करून घेतलं. तिने नवीन उघडलं नाही, भजनालाही ती पुन्हा गेली नाही. विनिता आता महिन्यातून एकदा काशीगावात जाते. द्वारकाताई येऊ नको म्हणत नाही. पाणी देते, धर्मेशची चौकशी करते, निघताना नारळ नाहीतर भाजीची पिशवी हातात ठेवते. आईचं नाव दोघीही घेत नाहीत. मागच्या खेपेला विनिता स्वयंपाकघरात जाऊन कप विसळायला लागली, तेव्हा द्वारकाताईने तिच्या हातातून तो हलकेच काढून घेतला. म्हणाली, "राहू दे, तू बस बाहेर. पावनी हाय तू."

विनिता बाहेर जाऊन बसली.