वरच्या सप्तकातला कणसूर

मधुकाका पियानो लावून गेले त्याच संध्याकाळी उर्वी साठ्येला वरच्या सप्तकातली एक पट्टी कणसूर लागली. जूनचा शेवट होता. तिने ती पट्टी दहादा दाबली. एका सुराच्या पोटात दुसराच सूर, किंचित चढा.

"आई, हे ऐक."

मंदाकिनीबाईंनी मान कलती केली. "मला तरी ठीक वाटतंय गं."

आईला काय कळणार, असं म्हणून उर्वीने तो विषय सोडला. सहा वर्षं युरोपात शिकून, तिथल्या सभागृहांत वाजवून ती डोंबिवलीत परतली होती. मानपाडा रोडवरच्या त्या फ्लॅटमधला पियानो बावीस वर्षं मधुकाकाच लावत आले होते. ठाण्यात कोपरीला त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तिच्या लहानपणी ते तिला पियानोचं झाकण उघडून तारा दाखवायचे.

जुलैत तशा तीन पट्ट्या झाल्या. ऑगस्टमध्ये पाच. प्रत्येक वेळी मधुकाका येत, तासभर तारा ताणायची किल्ली फिरवत, "झालं, बघ आता" म्हणत, आणि प्रत्येक वेळी ते तसंच राही. बावीस वर्षांत न चुकलेला माणूस आताच कसा चुकतो? मग तिला मे महिना आठवला. काकांनी विचारलं होतं, "माझ्या नातीला, सान्वीला, शिकवशील का गं?" आणि ती म्हणाली होती, "नोव्हेंबरच्या कार्यक्रमापर्यंत मी कुणालाच घेत नाहीये, काका." त्यावर ते नुसतंच "बरं" म्हणाले होते. ते "बरं" आता तिच्या मनात रोज वेगळं ऐकू येऊ लागलं.

ऑक्टोबरमध्ये ते आले तेव्हा तिने स्वरलिपीच्या वह्यांमागे मोबाइल लावून ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून. ती स्वयंपाकघरात चहा करत होती. बाहेरचा आवाज एकाएकी थांबला.

मधुकाका हातात मोबाइल धरून उभे होते.

"हे काय आहे, उर्वी?"

"वरच्या पट्ट्या मुद्दाम कणसूर सोडताय तुम्ही," ती म्हणून गेली. "सान्वीला नाही म्हटलं म्हणून."

त्यांनी मोबाइल पियानोवर ठेवला, आवाज दाबायला तारांमध्ये खोचलेले फेल्टचे तुकडे एकेक करून काढले आणि किल्ली पिशवीत टाकली. चहा तसाच राहिला. दारात चपला घालताना ते मंदाकिनीबाईंना म्हणाले, "येतो, वहिनी." उर्वीकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिने मुंबईहून हर्षित नावाचा दुसरा माणूस बोलावला. तो सूर मोजायचं मशीन घेऊन आला. प्रत्येक पट्टीला काटा बरोबर मधोमध उभा राहिला.

"मॅडम, एकदम परफेक्ट आहे. ज्याने लावलाय ना, हात आहे त्याचा."

"मधुकाकांना ओळखता तुम्ही?"

"कोण मधुकाका?"

त्याने ते इतक्या पटकन विचारलं, की तिला त्याचाही संशय आला. या धंद्यात माणसं किती? सगळे एकमेकांना धरून असणार.

कार्यक्रमाला अकरा दिवस उरले होते. ठाण्याहून आयोजक भावना देशमुखचा फोन आला, तेव्हा उर्वी पियानोपाशीच बसली होती. "एक मिनिट हं," म्हणून भावना दुसऱ्या कुणाशी बोलायला गेली. फोन डाव्या कानाला घट्ट धरूनच उर्वीने सवयीने ती पट्टी दाबली.

सूर स्वच्छ होता.

तिने पुन्हा दाबली. स्वच्छ. फोन खाली घेतला आणि दाबली. कणसूर.

"हॅलो? उर्वी?" भावना फोनमधून हाका मारत होती. उर्वी डाव्या कानावर तळहात ठेवायची, काढायची, आणि एकामागून एक पाचही पट्ट्या वाजवायची.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. जूनमध्ये सर्दी-ताप झाला होता का, विचारलं. झाला होता. डाव्या कानाच्या आतल्या भागाला इजा झाली होती. वरचे सूर तो चढे ऐकत होता.

"बरं होईल?"

"तेव्हाच आला असतात तर औषधांचा उपयोग झाला असता कदाचित," डॉक्टर म्हणाले. "आता चार महिने झालेत. सांगता येत नाही."

ती तिथून रिक्षाने कोपरीला गेली. मधुकाका दुकानात एका हार्मोनियमचा भाता चिकटवत होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "काका, माझं चुकलं. सान्वीला पाठवा. उद्यापासून शिकवते."

"ती जुलैपासून जाते दुसऱ्या बाईंकडे. छान चाललंय तिचं." त्यांनी वर पाहिलं नाही. "कधीपासून नीट ऐकू येत नाहीये म्हणालीस?"

"जूनपासून."

"आणि तू मला काय म्हणालीस?"

त्यांनी भात्यावरचा जास्तीचा गोंद पुसला. मग म्हणाले, "कार्यक्रमाच्या हॉलमधला पियानो तुझ्या कानाला लावायचा का लोकांच्या?"

"लोकांच्या."

"मग तुला तो खोटाच वाटणार."

"माहितेय. तुम्ही खरा आहे म्हणालात की मी वाजवीन."

कार्यक्रमाच्या दिवशी डाव्या कानात कापूस घालून ती बसली. तरी आत थोडं झिरपतच होतं. वरच्या सप्तकात गेली की सगळं अंग सांगायचं, चूक, थांब. बोटं मागे घ्यावीशी वाटायची. तिने ती घेतली नाहीत. उजव्या कानाने जे सांगितलं तेवढंच धरून ती वाजवत राहिली. टाळ्या झाल्या, तेव्हा तिला लोकांचे चेहरे वाचता येईनात. खरंच आवडलं, की कानाचं माहीत असल्यासारखे दया करताहेत?

हॉल रिकामा झाल्यावर मधुकाका रंगमंचामागच्या खोलीत आले. पिशवी खांद्यालाच होती.

"मध्यंतरानंतर वरची एक तार उतरली होती," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिलं."

तिला काहीच कळलं नव्हतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. खरंच उतरली होती, की तिला बरं वाटावं म्हणून दोष स्वतःवर घेत होते? किंवा चार महिन्यांच्या संशयाची परतफेड होती ही?

"कुठली?" तिने विचारलं.

"चल, दाखवतो," म्हणून ते रिकाम्या रंगमंचाकडे वळले. तिने कानातला कापूस काढला, मुठीत धरला आणि त्यांच्यामागून गेली.