हॅनाचा परतीचा प्रवास आणि पद्माची आई

मित्रांनो, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराजवळच्या एका भाजीच्या शेतावर कुंपणाला लागून एक पांढरी मिनीबस उभी दिसते ना, ती मी. माझ्यावर आता पाखरं बसतात. पण एके काळी मी रोज पहाटे गावातून मजूर घेऊन शेतावर जात असे. इंग्रज, फ्रेंच, कोरियन अशी जग बघायला निघालेली तरुण मुलं ती. काही महिने शेतात राबलं की त्यांना या देशात आणखी वर्षभर राहता येई.

मला चालवायची पद्मा. ती मूळची कराडची. इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. शेतावरच्या पॅकिंग शेडची ती सुपरवायझर होती. तिची आई, शोभाताई, कराडला एकटी असे.

मग महामारी आली आणि देशाच्या सीमा बंद झाल्या. शोभाताईंचं इकडे यायचं तिकीट रद्द झालं. नवे मजूर येईनात, जुने घरी गेले. लेट्यूसची पालेभाजी तोडायला माणसं नव्हती, म्हणून मालकाने उभ्या पिकावर नांगर फिरवला. माझ्यात पद्माशेजारी एकटी हॅना उरली. तिचे वडील इंग्लंडात मेंढ्या पाळत.

"ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं असं मत बाबांनी दिलं होतं," ती एकदा म्हणाली. "बाहेरची माणसं कमी येतील म्हणून. आणि इथे मीच बाहेरची."

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माझ्या रेडिओवर बातमी लागली. ब्रिटनचा ऑस्ट्रेलियाशी मुक्त व्यापाराचा करार ठरला होता. मालकाकडे गुरंही होती. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "आपलं मांस तिकडे करमुक्त जाईल, पद्मा. पण इथे राहण्यासाठी इंग्रज पोरांवर शेतात राबायची सक्ती उरणार नाही. मग भाजी तोडणार कोण?"

त्याच संध्याकाळी हॅनाच्या वडिलांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर घेतला.

"मेंढ्या विकायला काढल्यात. तिथल्या स्वस्त मांसापुढे मी टिकणार नाही. तू तिथेच राहा, बाळा. आता तुला कुणी अडवणार नाही."

"मी घरी येते, बाबा," हॅना म्हणाली.

पद्माने तिला माझ्यातूनच ब्रिस्बेनच्या विमानतळावर सोडलं. परत येताना पद्मा स्वतःशीच मराठीत म्हणाली, "मांसाला वाट मोकळी झाली. माझ्या आईलाच तेवढी नाही."

नोव्हेंबरमध्ये इथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांना यायची परवानगी मिळाली. पद्माने मला रस्त्याच्या कडेला थांबवून कराडला फोन लावला. शोभाताईंना अलीकडे विसर पडतो, असं शेजारच्या लताकाकूंनी तिला सांगितलं होतं. तरी आई आपला आवाज ओळखेल अशी तिला आशा होती.

"आपण कोण बोलताय?" पलीकडून आवाज आला.

"मी पद्मा, आई."

"पद्मा ऑस्ट्रेलियात असते," शोभाताई शांतपणे म्हणाल्या. "बोलावणार आहे ती मला. माझी बॅग भरून ठेवलीय."

पद्माने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

पुढे मजूर आले, त्यांच्यासाठी नवी गाडीही आली. मी गंजले याचं मला फार दुःख नाही, गाडीचं तेच व्हायचं. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणाला आत घ्यायचं, कुणाला थांबवायचं, हे कधीतरी तुम्ही ठरवाल. तेव्हा बॅग भरून बसलेल्या माणसांना फार वाट बघायला लावू नका.