मयत कारकुनाची तीनची हजेरी

दवाखान्यातलं भूत अखेर सापडलं. दीड मीटर लांब, पिवळं, दोन्ही टोकांना तोंड. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा; कारण नोंदणी विभागात जमलेल्या गर्दीला अजून काहीच सापडलेलं नव्हतं.

तीन वाजले. सगळे संगणक एकदम गोठले. वहिनींच्या टेबलाखाली सगळ्या वायरी जोडणारा डबा होता, त्याचे हिरवे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकू लागले. वहिनींनी झटकन पाय खुर्चीवर घेतले. खुर्ची नवऱ्याची, नोकरीही त्याच्याच जागेवर मिळालेली. आणि तो वारल्यापासून रोज तीनला, अर्धा तास हे असं.

"आला!" हेडक्लार्कने खास बोलावलेला मांत्रिक गरजला. "बायकोत जीव अडकलाय! अर्ध्या तासात उतरवतो. पण बाईंना इथून कायमचं काढा."

"हयातीत हे कधी वेळेवर आले नाहीत," वहिनी पुटपुटल्या. खुर्ची मात्र त्यांनी सोडली नाही. दोन पोरांचं घर या खुर्चीवर चालत होतं.

साडेतीनला दिवे खरोखरच निवले. गर्दीने हात जोडले.

"डॉक्टर, आत्ता काय उपसलंत?" नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई टेबलाखालून, नुकत्याच चहाहून परतलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

"माझ्या लॅपटॉपची नेटवर्कची वायर. एक टोक कायम या डब्यात. तीनच्या चहाला जाताना लॅपटॉपचं टोक काढून ठेवते, आल्यावर लावते. मधल्या वेळात ते या डब्यात कोण घालतं, देव जाणे."

"देव नाही, मी!" हेडक्लार्कची छाती फुगली. "माझ्या विभागात काही लोंबत नाही."

"म्हणजे वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात!" नेटवर्कवाल्या बाई म्हणाल्या. " डबा सगळ्यांना हाक मारतो, तीच फिरून त्याच्याकडे येते, तो पुन्हा सगळ्यांना मारतो. हाकांच्या गलक्यात काम बुडतं. चांगला डबा आपलीच हाक परत आली की एक वाट बंद करतो. याला स्वतःचा आवाजही ओळखता येत नाही."

वहिनींना आठवलं, नवरा ती वायर गुंडाळून खुर्चीला अडकवायचा; त्यामुळे तो असताना ती लोंबायचीच नाही.

"डॉक्टरांना चहावरून मीच मंत्राने ओढून आणलं," मांत्रिक म्हणाला.

बाईंनी टोक पुन्हा डब्यात खोचलं. दिवे पिसाटले. "उतरवा."

मांत्रिक घसा बसेपर्यंत ओरडला. दिवे बधले नाहीत. बाईंनी टोक उपसलं, शांत.

तेव्हा मंडळी, दिवे पिसाटले तर आधी वाकून टेबलाखाली बघा. मेलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला उगाच त्रास देऊ नका.

वहिनींनी त्याच खुर्चीत बसून अर्ज लिहिला: "महोदय, माझे पती रोज तीन वाजता येत नव्हते, हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले आहे. सबब, त्यांना निदान एक दिवस प्रत्यक्ष हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती."