शून्याचा वाफा

शून्याला इतकी फुलं आली होती की मनोजला आधी स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला आणि मग स्वतःच्या बुद्धीचा अभिमान वाटला. माणसाचा क्रम सहसा हाच असतो.

दसरा आठवड्यावर आला होता. मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला, सहादू विधाते याच्या मळ्यात झेंडूचे बारा वाफे होते आणि प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी एक पाटी रोवलेली होती. पाट्यांवर शून्य, पन्नास, शंभर, दीडशे असे आकडे. हेक्टरी किती किलो नत्र द्यायचं, त्याचे ते आकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते फुलांचे भाव वाटत, आणि शून्याच्या पाटीशी थांबून एकदोघांनी "हा फुकट का?" असं विचारलंही होतं.

मनोज हा सहादूचा मुलगा. कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. प्रयोग खरा कॉलेजच्या शेतावर व्हायचा, पण तिथला पंप जळाला होता आणि नव्या पंपाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपल्या चालीनं चालला होता. तो पोचेपर्यंत झेंडू थांबणार नव्हता, म्हणून मनोजच्या सरांनी प्रयोग घरच्या मळ्यात करायला परवानगी दिली होती. हा प्रयोग पार पडला की पदवी, आणि पदवी हातात आली की जूनमध्ये निघणाऱ्या कृषी अधिकाऱ्याच्या जागा. सगळं एकाला एक लागून होतं.

शास्त्राप्रमाणे शून्याचा वाफा सगळ्यांत रोडका दिसायला हवा. त्याला खत द्यायचंच नसतं. बाकीच्यांना दिलेल्या खतानं काय फरक पडला, ते ताडून बघायला तो ठेवलेला असतो. पण मनोजची तिन्ही शून्यं शंभराच्या तोडीस तोड उभी होती. पानं काळपट हिरवी, फुलं मुठीएवढी.

मनोज वाफ्यात उकिडवा बसला. झेंडूला वरून नत्र लागतच नाही, असा शोध आपल्या हातून लागलेला आहे, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येऊ लागलं. एवढी वर्षं एवढे लोक गोण्याच्या गोण्या ओतत होते आणि कुणी साधं बघितलं नव्हतं. न्याहारीची वेळ होईपर्यंत तो मनानं दिल्लीला पोचला होता आणि गळ्यात हार पडत होते. हार अर्थातच झेंडूचे.

"आक्का," त्यानं हाक मारली, "हे बघितलं का?"

लता गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन चालली होती. "बघते की रोज," ती म्हणाली आणि पुढे गेली.

लता त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मनोज दोनचा. पुढे तिचं ओझरला लग्न झालं. नवरा कारखान्यात होता, पगार वेळेवर होता, आणि दोन वर्षांत लता ट्रंक घेऊन परत आली. का आली ते गावानं विचारलं नाही. गाव एरवी सगळं विचारतं, पण जे माहीत असतं ते विचारत नाही. तेव्हापासून घर, म्हैस आणि फुलांची तोडणी तिच्याकडे. तक्रार तिनं कधी केली नाही, किंवा केली असेल तर म्हशीपाशी.

जुलैत लागण झाली, त्या दिवशी मनोजनं चिठ्ठ्या केल्या होत्या. कुठल्या वाफ्याला किती खत, हे माणसानं ठरवायचं नाही, नशिबावर सोडायचं, असा शास्त्राचा नियम आहे. शास्त्राला नशीब मान्य आहे हे ऐकून सहादूला फार बरं वाटलं. "मंग नारळ फोडून घे आधी," तो म्हणाला. चिठ्ठ्या काढायला मनोजनं लताला बोलावलं, कारण घरात निःपक्षपाती असं दुसरं कोणी नव्हतं. तिनं पदराला हात पुसून पहिली चिठ्ठी काढली. पाटाकडच्या वाफ्याला शून्य आलं.

"याला किती मंग?"

"काय नाय."

"काय नाय म्हंजे?"

"काय नाय म्हंजे काय नाय. नुसतं पाणी."

"त्यानं काय केलं?"

"आक्का, त्यानं काय नाय केलं. तुलनेसाठी असतो तो."

"तुलना करायची तर सगळ्यांना जेवू घालून करा म्हणावं तुझ्या सरांना," लता म्हणाली आणि दुसरी चिठ्ठी काढली.

ते सर, म्हणजे डॉक्टर निकुंभ, दसऱ्याच्या त्या आठवड्यात जुन्या एम-एटी गाडीवर बसून पाहणीला आले. बोलणं कमी, असा त्यांचा लौकिक होता. विद्यार्थ्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नानंतर विद्यार्थ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, ही त्यांची शिकवण्याची पद्धत.

मनोजनं आपला शोध पाटाच्या कडेकडेनं चालत सांगितला. सांगताना त्याचा आवाज जरा वर गेला होता. सहादू मागून चालत होता आणि मुलगा काय बोलतोय ते कळत नसल्यामुळे अभिमानानं मान हलवत होता. सर शून्याच्या वाफ्यात बसले. एका रोपाच्या बुडाशी बोट घालून त्यांनी माती वर घेतली, हुंगली, आणि बराच वेळ खाली बघत राहिले.

"मुंग्या कशाच्या?" त्यांनी विचारलं.

मनोजनं वाकून बघितलं. रोपाच्या बुडापासून मुंग्यांची एक शिस्तशीर ओळ निघाली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात पिवळसर कण होता. पन्नासाच्या वाफ्यात मुंग्या नव्हत्या. दीडशेच्यातही नव्हत्या.

"याला कोण जेवू घालतंय?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही सर."

"मी," मागून लता म्हणाली. ती चहा घेऊन आली होती. "पेंडीचं पाणी घालते. शेंगदाण्याच्या पेंडीचं. म्हशीला भिजवते ना, त्यातलंच. म्हशीला जरा कमी."

"कधीपासून?"

"पानं पिवळी पडाया लागली तवापासून."

"तिन्ही वाफ्यांना?"

"आधी पाटाकडच्या एकट्यालाच घालायची. जाता-येता तोच दिसायचा. मंग वाटलं, बाकीच्या दोघांनी काय पाप केलंय."

मनोजला दिल्लीहून परत यायला थोडा वेळ लागला. "मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "खत नाय घालायचं म्हणून सांगितलं होतं का नाय?"

"खत कुठं घातलं? गोणीला हात सुदीक लावला नाय मी." लतानं ट्रे खाली ठेवला. "चिठ्ठी मीच काढली होती रे. माझ्याच हातानं उपाशी राह्यला तो."

"वर्ष गेलं माझं. जूनच्या जागा गेल्या. आता परत पुढच्या पावसाळ्यापर्यंत बस बोंबलत." त्याचा आवाज फाटला. "कळत नाय तर हात कशाला लावायचा माणसानं? सातवी नापास आन्..."

"नापास नाय," लता म्हणाली. चहात साखर कमी आहे का, असं विचारावं त्या आवाजात म्हणाली. "परीक्षेलाच बसले नव्हते. त्या साली तुला गोवर आला होता."

सहादूनं आभाळाकडे बघितलं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

सरांनी सावकाश चहा संपवला. "आकडे बसवता येतात," ते मनोजला म्हणाले. "शून्यातलं थोडं काढायचं, पन्नासात थोडं घालायचं. माझ्या कपाटात असे प्रबंध आहेत. त्या कपाटाला मी कुलूप लावत नाही, कोणी काही नेत नाही." त्यांनी कप ट्रेमध्ये ठेवला. "तुझं तू ठरव. परत लागण केलीस तर मी परत येईन." गाडीला किक मारता मारता ते लताकडे वळले. "चहा चांगला होता बाई."

मनोज त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाराच्या बारा पाट्या उपटल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या. आकडे त्यानं बसवले नाहीत. दसऱ्याला सगळी फुलं एकाच ढिगात फुलबाजारात गेली आणि शून्याच्या फुलांना पहिल्या प्रतीचा भाव मिळाला. प्रयोग फसला आणि धंदा बरा झाला, असं ते साल.

जूनमध्ये जागा निघाल्या आणि भरल्या. जुलैत मनोजनं पाट्या माळ्यावरून खाली काढल्या, वाफे आखले आणि चिठ्ठ्यांचा डबा लतापुढे धरला.

"मी नाय," ती म्हणाली. "तूच काढ."

"तूच काढायची."

"मागच्या साली काय झालं ते बघितलं ना?"

"म्हणूनच," मनोज म्हणाला. "काढ आक्का."

तिनं काढल्या. नशिबाला विनोदाची हौस असते. या खेपेला एक शून्य नेमकं गोठ्याच्या दारासमोर आलं.

तिथून तिला दिवसातून किती वेळा जावं लागे, त्याला गणती नव्हती. धार काढायला, शेण उचलायला, पेंड भिजवायला. ऑगस्टच्या अखेरीस शून्याची पानं फिकी पडली आणि लता त्या बाजूचा पदर पुढे ओढून जाऊ लागली. ओझरला सासऱ्यापुढेही तिनं इतका ओढला नसेल. सहादूला वाटलं डोळे आले असतील, म्हणून त्यानं गुलाबपाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं आणि फडताळात ठेवून दिलं.

एकदा कॉलेजातून येताना मनोजला ती त्या वाफ्यासमोर उभी दिसली. हातात बादली होती. त्याला बघताच तिनं बादली उलटी करून दाखवली.

"रिकामी हाय," ती म्हणाली. "बघ."

"मी काय म्हणलो का?"

"नाय म्हणला. पण बघ."

त्यानं बघितली.

त्या दिवसांत लता अर्धी भाकरी खाऊन उठायची. मोठी भाकरी ती आधीपासूनच दोघा बापलेकांच्या ताटात टाकायची, त्यामुळे हे ध्यानात यायला वेळ लागला. शेवटी मनोजच्या ध्यानात आलं. आपल्या ताटातली भाकरी मोडून त्यानं तिच्या ताटात ठेवली आणि तिनं ती खाल्ली. मग हे रोज होऊ लागलं. सहादू दोघांकडे बघायचा आणि कालवण ओरपायचा.

सर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा शून्याच्या वाफ्यात बसून त्यांनी माती हुंगली, आणि दोन्ही वेळा काहीच विचारलं नाही. मनोजसाठी हीच शाबासकी होती. जाताना गोठ्यापाशी मात्र ते थांबले.

"फार कठीण जातंय का बाई?"

"म्हशीला आता पोटभर मिळतंय," लता म्हणाली.

दिवाळीनंतर शेवटची तोडणी झाली. एकेका वाफ्याची फुलं वेगळ्या टोपलीत घालून, ताणकाट्याला अडकवून मनोजनं वजनं केली. दीडशेची टोपली काट्याला ओढत खाली घेऊन आली. शून्याची फुलं सदऱ्याच्या बटणाएवढी होती. ती टोपलीच्या तळाला गोळा होऊन पडली होती आणि काटा जेमतेम हलला. सगळं शास्त्राप्रमाणे झालं होतं. पन्नासाला किती, शंभराला किती, आणि त्यापुढे खत म्हणजे नुसता खर्च, हे आता छातीठोकपणे सांगता येणार होतं. कारण त्या तीन वाफ्यांनी पावसाळाभर काहीच मागितलं नव्हतं आणि त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

"झालं का तुमचं?" सहादूनं बांधावरून विचारलं. "सकाळी ट्रॅक्टर येतोय. कांद्याची रोपं लय दिवस थांबायची नाय."

मनोजनं शेवटचं वजन लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "आक्का," तो म्हणाला, "संपला प्रयोग."

"म्हंजे?"

"म्हंजे आता तुला काय करायचं ते कर."

लतानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग ती गोठ्यात गेली आणि पेंडीच्या पाण्याची बादली घेऊन आली. गोठ्यासमोरच्या शून्यात बसून तिनं पहिल्या रोपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं, हातानं माती सारखी केली आणि दुसऱ्या रोपाकडे सरकली. फुलं तोडलेली, पानं वाळायला लागलेली, गुडघ्याएवढी रोपं होती ती.

"अगं, उद्या नांगर फिरायचाय त्याच्यावर," सहादू म्हणाला. "कशाला वाया घालवती?"

"उपाशीच जाऊ द्यायची का मंग?" लता वर न बघता म्हणाली.

मनोजनं पायजमा वर खोचला, दुसरी बादली भरली आणि पाटाकडच्या शून्याकडे निघाला. त्याला सवय नव्हती. पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं.

सहादू जरा वेळ दोघांकडे बघत उभा राहिला. मग वहाणा घालून तो ट्रॅक्टरवाल्याकडे निरोप द्यायला गेला. सकाळच्याला नको, दुपार टळल्यावर ये, जमीन वली हाय.

तेवढ्या पाण्यानं जमीन ओली होत नाही.