कुंभारणीचं घर

धावपट्टीवर थोडं धावून विमान थांबलं आणि निमूट परत आलं. कॅप्टनचा वेगाचा काटा शून्यावरून हललाच नव्हता. दीडशे प्रवासी कुरकुरत उतरले. विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये मावशींनी हत्यारांची पेटी उचलली. मावशी म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या मेकॅनिक. विमान सोडल्याची सही त्यांची होती.

विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढी एकेक नळी असते, तोंड पुढे करून. विमान पळू लागलं की हवा तिच्यात घुसते, पुढे वाट नसल्याने दाटते. विमानाच्या अंगावरच्या एका छिद्राला बाहेरच्या स्वस्थ हवेचा दाब कळतो. या दोन दाबांतल्या फरकावरून वेग निघतो. एवढं अवाढव्य धूड, पण आपण किती जोरात चाललोय हे त्याला हवेलाच विचारावं लागतं!

विमान उभं असताना किडे-कचरा आत जाऊ नये म्हणून नळीला लाल टोपी घालतात. मात्र कार्यालयात स्वच्छता सप्ताह होता, आणि टोप्या मळून काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

"आधी मागची जोडणी सोडवा," चौकशीला आलेले तपासनीस साहेब म्हणाले.

"मला शिकवता? तशीच हवा मारली तर काट्याचाच जीव जाईल."

मावशींनी कॅप्टनच्या बाजूच्या नळीची जोडणी सोडवली, मागून हवा मारली. टप्कन मातीची गोळी पडली. फोडली, तर आत निपचित हिरवी अळी आणि तिच्याजवळ तांदळाच्या कणीएवढं अंडं.

"कुंभारीण माशी!" साहेब वाकून बघतच राहिले. "दोन दुपारींत घर बांधून, मुलाच्या जेवणाची सोय करून मोकळी. आपल्या स्वच्छतागृहाचं बांधकाम तीन वर्षं चाललंय." मग सरळ होत म्हणाले, "टोपी कुठे होती?"

वाऱ्याने उडाली म्हणता आलं असतं. वारा काही साक्षीला येत नाही.

"धुवायला. मीच दिली. बदली घातली नाही, आणि सही करताना आत डोकावलेही नाही."

"लिहून द्या. महिनाभर तुमची सही चालणार नाही."

"बरं."

"चाचणी मात्र तुम्हीच घ्या. हात तुमचाच चांगला."

मावशींनी जोडणी परत बसवली, नळीला पंप जोडून हळूहळू दाब वाढवला. काटा थरथरला, शंभरावर गेला, दोनशेवर, तीनशेवर. विमान जागेवरच, पंखावर कबुतर पिसं साफ करतंय, आणि काटा शपथेवर सांगतोय की आपण ढगांतून सुसाट निघालोय. एकतीस वर्षांत मावशींनी हे हजारदा पाहिलं होतं. तरी आज अंगावर काटा आला.

विमान सोडायची सही करायला साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा," म्हणत मावशींनी शिडी दुसऱ्या बाजूच्या नळीकडे ओढली. "सही गेली असेल, डोळे तर आहेत ना अजून."