अडलेले मेसेज

पाड्यावरच्या भागीचं मूल बाळंतपणात गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कांतीलालशेठ आमच्या जव्हारच्या ऑफिसात येऊन बसले. संस्था त्यांची. बाईला कळा सुटल्या की पाड्यावरच्या आशाताईनं मोबाइलवरून मेसेज टाकायचा आणि आमच्या सॉफ्टवेअरनं तो जवळच्या जीपवाल्याला पोचवायचा, एवढंच आमचं काम. भागीसाठीचा मेसेज तिकडच्या जीपवाल्यापर्यंत, जिवापर्यंत, पोचलाच नाही. शेठना चूक करणाऱ्याचं नाव हवं होतं.

नाव मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू? डोकं असं तापलेलं की समोर येईल त्याला फाडून खाल्लं असतं. पण मेसेज का अडला हेच कळलं नव्हतं. आत्ता या घडीला आणखी किती बायकांचे अडत असतील, देव जाणे.

टीमची प्रमुख म्हणून डेव्हऑप्सचे धडे मीच दिलेले. लिहिणाऱ्यानं आणि चालवणाऱ्यानं एकत्र बसायचं, बदल लहान करायचे, चूक झाली की माणसाला नाही, कारणाला धरायचं. आणि प्रत्यक्षात? प्रोग्रॅम लिहिणारा ऋषिकेश एका खोलीत, सर्व्हर सांभाळणारा देवानंद दुसऱ्या. दोघांना एका टेबलाशी बसवलं, तर नोकरीच्या भीतीनं एकही तोंड उघडेना.

"शेठ, नाव मी देणार नाही," मी म्हटलं. "कोणाची नोकरी जाणारच असेल तर पहिली माझी."

शेठनी होकारार्थी मान हलवली. तेव्हा कुठे ऋषिकेश बोलायला लागला. तेच मेसेज पुन्हा पुन्हा येत, म्हणून तासाहून जुना मेसेज पुढे पाठवायचा नाही असं त्यानं नव्या बदलात लिहिलं होतं. ऑफिसच्या वायफायवर सगळं झकास चाललं. पाड्यावर मात्र रेंज नाही. आशाताई घरी मेसेज लिहिते आणि टेकडीवर चढते, तेव्हा तो सुटतो. तोवर तास कधीच उलटलेला असतो. मेसेज बाजूला पडताना देवानंदनं बघितलं होतं. त्याला वाटलं, नवा नियमच तसा असेल. पलीकडच्या खोलीत जाऊन विचारलं नाही.

दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. पण जीभ आवरली आणि जुनं सॉफ्टवेअर तिथल्या तिथे परत लावायला सांगितलं. अडलेले मेसेज सुटू लागले. खोडाळ्याकडची एक बाई सकाळपासून कळा देत होती, तिच्याकडे जीप निघाली. त्यामागोमाग, चौकशीसाठी बोलावून बाकावर बसवलेल्या जिवाचा फोन वाजला. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"भागीला कळा सुटल्या. जीप लवकर पाठवा. नवशी."

नवशी भागीच्या पाड्यावरची आशाताई. ऋषिकेश टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. जिवानं किल्ली उचलली. ऋषिकेश, देवानंद आणि मी त्याच्यामागे जाऊन जीपमध्ये बसलो.

पाड्यावर भागी घराच्या ओट्यावर बसली होती. मेसेज आला होता, तो आमच्याकडेच अडला, आमच्या सगळ्यांच्या हातून झालं, असं मी तिला सांगितलं. कोणाच्या, ते तिनं विचारलं नाही.

"गाडी येल म्हणून मी कळा दाबून धरलेल्या, ताई," ती म्हणाली.